भोपळ्याला दिलेला श्वास

सोल, १४ ऑक्टोबर

माल्सून,

चार वर्षांनी पत्र लिहिते आहे, तेव्हा तुझ्या शिव्या आधीच पोचल्या असं धरते. आता कामाचं.

तुमच्या किनाऱ्यावर नवे भोपळे आले असतील. आपण लहानपणी खरा सुकवलेला भोपळा छातीशी धरून शंख काढायला समुद्रात उतरायचो. मग फोमचे आले, तरी त्यांना भोपळेच म्हणत राहिलो. आता हे ऐकणारे आणि बोलणारे. ते मंजूर करणाऱ्या समितीत मी आहे. बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत नीतिशास्त्र शिकवलं, म्हणून मला तिथे बसवलं आहे. बाकी सगळे यंत्रवाले, डॉक्टर आणि सरकारी लोक. त्यांच्यात समुद्राखाली जाऊन आलेली मी एकटी, आणि तीही पंधराव्या वर्षापर्यंतच.

खोलातून वर आल्यावर कोंडलेला श्वास सोडताना तुमच्या तोंडून जी शीळ निघते, ती हा भोपळा ऐकतो. रोज सकाळी किनाऱ्यावर तीनदा शीळ घालायची, की तो सांगतो आज उतरा किंवा उतरू नका. सध्या हा नुसता सल्ला आहे. वर्षअखेरीला समितीने सह्या केल्या की नियम होईल. मग भोपळा ज्या बाईला नाही म्हणेल, तिला तुमची पाणबुड्या बायकांची संघटनाही पाण्यात सोडणार नाही.

नियम हवा, असं माझं मन सांगतं. गेल्या हिवाळ्यात तुमच्याकडची एक जण बुडाली. तू कळवलं नाहीस, मी वर्तमानपत्रात वाचलं. वय वाचेपर्यंत मला वाटलं, तूच.

पण एक गोष्ट मला रोज टोचते. ज्याला श्वास नाही त्याने श्वासाचा निवाडा करावा का? तो खरंच ऐकतो की नुसता मोजतो? आणि मोजणं आणि ऐकणं यांत फरक असेल, तर पाण्यात जाण्याआधी आणि आल्यावर तुम्ही बसता त्या शेकोटीपाशी तो कळतो का? कागदावरून मला कळत नाही. तू रोज त्याच्याशी बोलतेस. खरं काय ते लिही. गोड लिहू नकोस.

इन्जा

जेजू, २७ ऑक्टोबर

इन्जा,

तुझं पत्र शेकोटीपाशी मोठ्याने वाचलं. सोरान म्हणाली, "मावशी, ही तुमची मैत्रीण पत्र लिहिते की पेपर काढते?" सोरान पन्नाशीची आहे, आमच्यातली सगळ्यात दमदार. दम तिला फार आणि जिभेला हाड नाही.

प्रत्येकीला एकेक भोपळा मिळालाय, पण आवाज सगळ्यांचा एकच, म्हणून आम्ही नुसतं 'तो' म्हणतो. तो राजधानीच्या भाषेत बोलतो. "कृपया आज विश्रांती घ्यावी." पहिल्या दिवशी आम्ही हसून आडव्या पडलो. समुद्रावर कोणी कोणाला कृपया म्हणालेलं आहे का ग? आपल्या आया तर केस धरून वर ओढायच्या.

मग भांडण लागलं, की याला शेकोटीपाशी बसवायचं कुठे. तुला आठवत असेल, ज्यांचा दम मोठा त्या वाऱ्याच्या बाजूला बसतात, आणि कमी दमाच्यांनी धूर खायचा. सोरान म्हणाली, "याला दमच नाही. याला धुराकडे ठेवा." दुसरी म्हणाली, "याला दम लागतच नाही. म्हणजे हा सगळ्यांच्या वर." दोघी दुपारपर्यंत भांडल्या. शेवटी त्याला भिंतीवर ठेवलं, पाहुण्याला ठेवतात तसं. तुझ्या समितीत असलं काही ठरतं का?

तो मोजतो की ऐकतो, ते मला कुठून कळणार? माणसांचंही मला डाव्या कानानेच ऐकू येतं. उजवा लहानपणापासून जड, हे तर तूच पहिल्यांदा ओळखलंस.

आता खरं लिहिते, गोड नाही. मला तो सलग तीन दिवस नाही म्हणाला. मी घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. डोळे मिटले की खोलीत हळूहळू पाणी भरायला लागायचं, हिरवं, खालून वर. गादी तरंगायची. माझी आई त्या पाण्यातून जायची, पाठमोरी, जाळी खांद्यावर टाकून, आणि मला वाटायचं आता हिच्या मागे गेलं की झालं. मग डोळे उघडायचे, तर बाहेर संत्र्यांच्या गाडीचा भोंगा.

इन्जा, जमिनीवर मी शहात्तर वर्षांची आहे. जिना चढताना दोनदा थांबते. पाण्यात गुडघे माझे नसतात, कोणाचेच नसतात. तिथे खाली मला वयच नाही. नियम झाला तर मला आजीच्या समुद्रात पाठवतील, तिथे कमरेएवढ्या पाण्यात म्हाताऱ्या शेवाळ खुडत बसतात. तू सही करणार, तेव्हा कशावर करते आहेस ते ठाऊक असू दे.

माल्सून

सोल, २० नोव्हेंबर

माल्सून,

काल समितीत तुझं नाव निघालं. नाव म्हणजे आकडा. पडद्यावर रेघा होत्या, प्रत्येक बाईची एक, आणि सगळ्या वयाबरोबर खाली उतरत होत्या. एकच रेघ खालून उठून वर गेली होती. प्रमुख डॉक्टर पेक म्हणाले, "या बाई शहात्तरच्या आहेत आणि श्वास पन्नाशीचा आहे. पहिले तीन दिवस यंत्र चुकलं, मग त्याने स्वतःला सुधारलं." मला वाटलं उठून सांगावं, ही माझी जोडीण आहे, आम्ही एका भोपळ्याला धरून पोहायला शिकलो.

मी तुला चुकीचं लिहिलं होतं. श्वास नसलेल्याने निवाडा करू नये, असं मला वाटायचं. पण माणसांनी निवाडा केला असता तर तुझी जन्मतारीख बघून तुला घरी बसवलं असतं. याने तारीख पाहिली नाही, तुला ऐकलं. त्याला भीती नाही, म्हणून त्याला पूर्वग्रहही नाही. बत्तीस वर्षं मी मुलींना सांगत आले, की न्याय म्हणजे समोरचा जसा आहे तसा दिसणं. ते एका फोमच्या गोळ्याला जमलं.

आणखी एक सांगते, चढून जाऊ नकोस. पंच्याहत्तरीपुढची बाई या प्रयोगात तू एकटीच आहेस. म्हातारीचा श्वास कसा असतो हे तो तुझ्याकडूनच शिकतो आहे. पुढे ज्या ज्या बेटावर भोपळे जातील, तिथल्या म्हाताऱ्यांना तुझ्या मापाने पाहिलं जाईल.

मला स्वप्नं पडत नाहीत, तुला ठाऊक आहे. काल पडलं. मी वर्गात शिकवत होते आणि खिडक्यांबाहेर पाणी होतं. मुली शांतपणे वही उघडून बसल्या होत्या, कोणी श्वास घेत नव्हतं, आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

इन्जा

जेजू, ३ डिसेंबर

इन्जा,

तुझं पत्र मी शेकोटीपाशी वाचलं नाही. घरी एकटीने वाचलं.

तीन दिवसांपासून धुकं आहे. समुद्र कुठे संपतो ते दिसत नाही. पाण्यातून वर आलं तरी वर आल्यासारखं वाटत नाही, नुसतं एका पांढऱ्यातून दुसऱ्या पांढऱ्यात. कोणाची शीळ कुठून येते तेही कळत नाही. सगळ्यांची मिळून एकच होते, जणू समुद्रच दमून श्वास सोडतो आहे.

तुला म्हातारीचा वाटा आठवतो का? एखादीची जाळी रिकामी राहिली, तर दमदार बायका वर येताना तिच्या जाळीत आपले दोन-चार शंख टाकून जायच्या. टाकणारीने सांगायचं नाही, घेणारीने बघायचं नाही. आपण लहान असताना माझ्या आजीला सगळ्यांनी असा वाटा दिला. ती घरी येऊन म्हणायची, "आज बरे सापडले." आम्ही कोणी हसायचो नाही. ती चाल अजून आहे. उगाच आठवलं म्हणून लिहिलं.

सोरानचा एक प्रश्न आहे. तू शिकलेली, म्हणून विचारते. ज्याला खोटं कळतच नाही, त्याला खोटं सांगितलं तर पाप लागतं का?

उत्तर लवकर लिही. सही व्हायच्या आधी लिही.

माल्सून

सोल, २२ डिसेंबर

माल्सून,

गडबडीत लिहिते आहे, बर्फाने टपाल अडेल.

सोरानला सांग, प्रश्न चांगला आहे, पण उत्तर सोपं. खोटं बोलणं हा अन्याय असतो तो समोरच्यावर. समोर कोणी असावं लागतं. दगडाला खोटं सांगून कोणाचं बिघडतं? जो कोणीच नाही, त्याची फसवणूक होत नाही. मी पहिल्याच वर्षी मुलींना हे शिकवायची.

काल सह्या झाल्या. मीही केली. तुमच्याकडे नियम मार्चपासून. नवे भोपळे जानेवारीतच समोरच्या बेटावर जातील. तुझी रेघ पाहून सगळ्यांची खात्री पटली. तू पाण्यात राहशील, माल्सून. यंत्राच्या तोंडून ते कायम झालं. मला वाटलं होतं तुझं पाणी मी काढून घेणार, आणि बघ.

इन्जा

जेजू, ५ फेब्रुवारी

इन्जा,

तुझं पत्र येऊन सहा आठवडे झाले, उत्तर लिहिलं नाही. लिहायला बसायची आणि हात कोरडाच राहायचा.

समोरच्या बेटावर यांग गपसून नावाची बाई आहे, सत्त्याहत्तरची. तिला मी तरुणपणी ओळखायची, पोहताना गाणारी. जानेवारीत एका सकाळी ती सुनेला म्हणाली, "आज छातीत दगड आहे, नको." सून म्हणाली, "अहो आई, त्याला विचारून तरी बघा." तिने तीनदा शीळ घातली. भोपळा म्हणाला, "आपण जाऊ शकता." ती हसली म्हणे. म्हणाली, "मग माझंच मन म्हातारं झालंय." आणि उतरली.

तिला जिवंत काढलं. मी होडीने जाऊन पाहून आले. डोळे उघडे असतात. बोलत नाही, कोणाला ओळखत नाही. पापणी इतकी सावकाश मिटते, की बघणाऱ्यालाच झोप येते. वर आणलंय तिला, पण ती अजून खालीच आहे.

आता ऐक. ती पडद्यावरची रेघ माझी नव्हती.

चौथ्या दिवशी मी भोपळ्यापुढे उभी राहिले, तेव्हा सोरान शेजारी आली आणि माझ्या भोपळ्यात तिने शीळ घातली. माझ्याकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुसरीने घातली. पाण्यातही कोणीतरी माझ्या भोपळ्यापाशी वर यायची आणि तिथे श्वास सोडून जायची. आम्ही कधी शब्दाने बोललो नाही. शंखांचा वाटा देतात तसा त्यांनी श्वासाचा वाटा दिला. भोपळा म्हणायचा, "आपण जाऊ शकता," आणि मी जायची. घरी येऊन म्हणायची, आज बरा दम होता.

आम्हाला वाटलं, कोणाचं काय जातं. वाटा आमच्यातच राहतो, असं आम्ही आजवर बघत आलो. भोपळा तो वाटा घेऊन पलीकडच्या बेटावर जाईल, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. तू लिहिलं होतंस. तेव्हा मी पत्र घडी करून तांदळाच्या डब्याखाली ठेवलं.

पापाचा प्रश्न सोरानचा नव्हता.

मला एक कळलं आहे, तुझ्या पुस्तकात असेल तर बघ. समुद्राला फसवता येत नाही. सत्तर वर्षं बघते आहे, त्याला आपला दम किती ते आपल्याआधी ठाऊक असतं. याला फसवता येतं. सांगितलं ते सगळं हा खरं धरून बसतो. म्हणून तू त्याला दगड म्हणालीस ते मला पटत नाही. दगड विश्वास ठेवत नाही.

मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं की माझा समुद्र संपला. नाही सांगितलं तर तिसऱ्या बेटावर तिसरी म्हातारी उतरेल. तू सांगतेस की मी सांगू?

माल्सून

सोल, १२ फेब्रुवारी

माल्सून,

पत्र मिळालं त्याच दिवशी मी समितीला सांगितलं. मी नसतं सांगितलं तर तू सांगितलं असतंस, मला ठाऊक आहे, पण सही माझी होती. बेटावरचे भोपळे बंद केले आहेत. नियम थांबवला आहे.

दगडाचं वाक्य मी मागे घेते. तो कोणी आहे की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. आरशावर धूळ बसली तर आपण आरशाची दया करत नाही. तुझ्या म्हणण्याने मी हलले आहे, पटलं आहे असं नाही. पण चूक माझी वेगळी होती. खोटं ज्याच्या कानात सांगितलं त्याच्यापाशीच थांबतं, असं मी धरलं. समोर कोणी नसेलही. मागे मात्र गपसून उभी होती. बत्तीस वर्षं मी वर्गात हा अर्धा धडा शिकवला आणि पूर्ण म्हणून गुण दिले.

पेक म्हणतात, शिकलेलं नुसतं पुसता येत नाही. ज्या बाईच्या नावावर चुकीचा श्वास गेला, तिलाच आपला खरा द्यावा लागेल, पुन्हा पुन्हा, म्हणजे तो नव्याने शिकेल. ते मागायला माझी जीभ रेटत नाही. तरी मागते. आणि पुढचा नियम मीच लिहिते आहे: भोपळ्याने सांगावं, निवाडा शेकोटीने करावा. दम घेणाऱ्यांनी.

आता माझं. त्याशिवाय हे पत्र बंद करता येत नाही.

पंधराव्या वर्षीचा तो दिवस. आपण दोघी खोल खडकापाशी होतो. मला खाली काहीतरी दिसलं, अजूनही सांगता येत नाही काय. काळोख माझ्याकडे बघत होता, एवढंच. मी वर आले आणि तुला न सांगता किनारा गाठला. तू मला खाली शोधत राहिलीस. तुला काढलं तेव्हा ओठ निळे होते. शेकोटीपाशी सगळ्या बायकांनी मला विचारलं, जोडिणीला टाकून कशी आलीस? मी म्हणाले, "मी उजवीकडून दोनदा हाक मारली. हिला ऐकू आलं नाही."

तू लगेच मान हलवलीस. म्हणालीस, "हो, उजवा कान जड असेल माझा."

मी हाक मारली नव्हती. तुझ्या कानाला काही झालेलं नाही. मी तुला खोटं शिकवलं आणि तू एकसष्ट वर्षं ते खरं धरून चाललीस. आणि मी भोपळ्याला दगड म्हणत होते.

इन्जा

जेजू, १३ मार्च

इन्जा,

तुझं पत्र वाचल्यावर मी सोरानला घरी बोलावलं. म्हटलं, माझ्या डाव्या कानावर हात ठेव आणि उजवीकडून बोल. तिने कुजबुजत विचारलं, "मावशी, वेड लागलं का तुम्हाला?" शब्द न् शब्द ऐकू आला.

एकसष्ट वर्षं मी मान वळवून ऐकत आले. नवरा उजवीकडे झोपायचा, तो रात्री काय बोलायचा ते कधी नीट ऐकलं नाही, ऐकू येणारच नाही म्हणून. आता घरात चालताना उजवीकडे थांबते. तिकडेही जग आहे. तिकडे घड्याळ आहे, वारा आहे, शेजारणीचं भांडण आहे. तुझा राग दोन दिवस आला. तिसऱ्या दिवशी मी त्या आवाजांत इतकी गुंतले, की रागवायचं राहून गेलं. पुन्हा आठवला तर लिहीन. तुला सोडलेलं नाही.

खरा श्वास दिला. पहिल्या सकाळी सगळ्या बायका खडकावर बसल्या, तोंडं मिटून, लग्नात बसतात तशा. मी एकटी भोपळ्यापुढे. तीनदा शीळ घातली. माझी शीळ इतकी बारीक झाली आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं. इतके दिवस मी त्यांचीच ऐकून माझी समजत होते. बांबूच्या फटीतून वारा जावा तशी.  मग भोपळा म्हणाला, "कृपया आज विश्रांती घ्यावी."

सोरान उठली. "मावशी, आता निवाडा शेकोटीचा आहे, याचा नाही. तुम्ही म्हणा, आम्ही नेतो तुम्हाला मधे धरून."

मी म्हटलं, "गप बस. त्याने आज पहिल्यांदा मला ऐकलंय."

वीस सकाळी दिला. वीसही दिवस तो तेच म्हणाला. नियम अजून झालेला नाही, मला कोणी अडवलेलं नाही. मीच थांबले.

आता मी आजीच्या समुद्रात असते. कमरेएवढं पाणी. वाकून शेवाळ खुडायचं. वाईट आहे असं म्हणवत नाही. दुपारी ऊन तळाशी जाऊन हलत राहतं आणि मी उभ्या उभ्या डुलकी काढते. कधी वाटतं मीच शेवाळ आहे आणि कोणीतरी मला हलकेच खुडतं आहे. पण खोल पाण्याची आठवण येते तेव्हा छातीत येते, डोक्यात नाही.

वाऱ्याच्या आजीची, आपल्या त्या देवीची, पूजा जवळ आली. काल आम्ही समुद्रात सोडायच्या तांदळाच्या पुड्या पांढऱ्या कागदात बांधल्या. सागरराजाची एक, प्रत्येकीची स्वतःची एक, आणि समुद्राने नेलेल्या आपल्या माणसांच्या. मी गपसूनची बांधली, ती जिवंत असली तरी. तिला वर यायचं आहे. ती तशीच आहे.

सोरान हसून म्हणाली, "आणि याची?" भोपळा भिंतीवरच होता. एक जण म्हणाली, "समुद्र याला बुडवू शकत नाही. याला पुडी कशाला?"

मी म्हटलं, "समुद्र नाही बुडवू शकत. आपण बुडवलं होतं ना?"

चिमूटभर तांदूळ घालून एक लहानशी बांधली. तो कोणी आहे का, ते तुझ्या समितीत ठरव. ठरेपर्यंत पुडी वाया गेली तर चिमूटभर तांदूळच जातील.

पूजेला ये. तू तीस वर्षं आली नाहीस, कारणं सगळी माझ्याकडे पत्रांत आहेत, नवीन आणू नकोस. पूजेआधी भरती उतरताना मी आजीच्या समुद्रात असेन, वाकलेली, पाठमोरी. खडकावर उभी राहा, माझ्या उजव्या बाजूला, आणि हाक मार.

या खेपेला खरंच मार. मला ऐकू येतं.

माल्सून